नाकेदाराची पिवळी रेघ

ज्या माणसाने उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला जीभ लावली नाही, त्याला भर दुपारी, त्याच्याच फाटकात, त्याच्याच हाताखालच्या दोघांनी बखोटीला धरलं आणि सांगितलं, "घरी जा. उतरली की ये." हे ऐकून ज्याच्या तळपायाची आग मस्तकात जात नाही, त्याने खुशाल उठून जावं. ही गोष्ट त्याच्यासाठी नाही.

माणूस बाटल्यांच्या कारखान्यातला, फाटकावरचा पहारेकरी. सगळे त्याला नाकेदार म्हणत. फाटकावर बसायचा म्हणून थोडं, पण खरं नाकामुळे. नाक तसं दिसायला फार मोठं नव्हतं. काम मात्र मोठं करायचं. पाळी सुरू होण्याआधी प्रत्येक कामगाराने त्याच्यासमोर उभं राहायचं, तोंड उघडायचं आणि त्याच्या चेहऱ्यावर एक लांब श्वास सोडायचा. नाकेदार डोळे मिटून हुंगायचा आणि म्हणायचा, "साफ. जा." की पुढचा. कंपनीने एकदा हे काम करणारं यंत्र आणलं होतं. ते खोकल्याच्या औषधालाही बोंबलायचं आणि अट्टल पिणाऱ्याला सोडून द्यायचं. शेवटी यंत्र कपाटात गेलं आणि नाकेदार पुन्हा स्टुलावर आला.

आता हे काम काही उगाच नव्हतं. आत भट्टीत काच वितळून मधासारखी वाहते. तिथे एकाचा तोल गेला तर तो एकटा भाजत नाही, शेजारच्यालाही घेऊन पडतो. गंमत एवढीच की कारखान्यातल्या निम्म्याहून जास्त बाटल्या दारूच्याच कंपन्यांकडे जायच्या. कामगार म्हणायचे, "नाकेदार, भरलेली बाटली कशी दिसते ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?" नाकेदार हसायचा नाही. त्याला ते चांगलंच ठाऊक होतं.

त्याचा बाप प्यायचा. लहानपणी आई त्याला बापाला शोधून आणायला पाठवायची. पाय फाकून, एक हात भिंतीवर घासत, दुसरा हात पोराच्या डोक्यावर दाबून बाप घरी यायचा. जीभ जड, शब्द ओले. गल्लीतल्या बायका दारं लोटून घ्यायच्या, पण फटीतून बघायच्या. त्या फटी नाकेदार कधी विसरला नाही. त्याने कानाला खडा लावला तो असा की पुढे लग्नकार्यात सरबत दिलं तरी आधी हुंगायचा. बायको कपाळाला हात लावायची. "अहो, लिंबाचं आहे ते! माझ्या मावशीने केलंय!"

काही कामगार हुशार निघाले. पेपरमिंट चघळून यायचे. म्हणून नाकेदाराने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ब्रशने, फाटकापासून हजेरीच्या घड्याळापर्यंत जमिनीवर एक पिवळी रेघ ओढली. ज्याचा संशय येईल त्याने टाच अंगठ्याला लावत तिच्यावरून चालायचं. चुकला की घरी. ही रेघ त्याच्या डोक्यातून निघाली होती आणि त्याला तिचा मोठा अभिमान होता. पुसट झाली की तो सुट्टीच्या दिवशी येऊन पुन्हा रंगवायचा. मॅनेजरने एकदा पाहुण्यांना ती दाखवली, तेव्हा नाकेदार आठवडाभर ताठ मानेने चालत होता.

मग फाटकाजवळ खड्डा खणला गेला. गटाराचा पाइप तुंबला होता. त्याच खड्ड्यात, वीतभर वर, पिण्याच्या पाण्याचा पाइप. मजुराचं फावडं त्याला लागलं, पाइप फुटला. मुकादमाने सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली, वर माती लोटली आणि हात झटकले. नाकेदार स्टुलावरून सगळं बघत होता. पुढे दोन-चार दिवसांनी त्याने फाटकावरच्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं, तोंडाजवळ नेलं आणि खाली ठेवलं.

तो मॅनेजरकडे गेला. "साहेब, पाण्याला वास येतोय. गटाराचा."

मॅनेजरच्या टेबलावर सीलबंद पाण्याची बाटली होती. त्याने तिच्यातला घोट घेतला, टोपण लावलं आणि म्हणाला, "तुझं नाक तोंडं हुंगायला ठेवलंय. पाण्याचं आम्ही बघू."

बघितलं काय, तर टाकीत पावडर टाकली. दोन दिवस पाण्याला औषधाचा वास आला, मग तोही गेला. नाकेदाराला मधूनच तो जुना वास यायचा. पण साहेबांनी सांगितलं होतं बघू म्हणून, आणि तो साहेबांच्या शब्दाबाहेरचा माणूस नव्हता. तोही तेच पाणी प्यायला. भट्टीवरचे तर घागरी रिकाम्या करायचे. त्या धगीसमोर उभा राहणारा माणूस पाणी पिणार नाही तर काय करणार? घाम गाळून तहानलेल्या माणसांना गटार पाजायचं, आणि वर म्हणायचं, आम्ही बघू. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. माझ्या तोंडात आलेला शब्द छापण्यासारखा नाही.

एकेक जण तापाने पडू लागला. "हवा बदलली," असं सगळे म्हणाले. हवेला बोलता येत नाही म्हणून तिच्यावर वाटेल ते खपवता येतं.

भट्टीवर लंबू नावाचा कामगार होता. नाव नव्हे, उंची. दारातून वाकून आत यायचा आणि आल्या आल्या सगळ्यांची खेचायचा. तोही तापाने पडला, बरेच दिवस दिसला नाही, आणि आला तो खांबाला धरून. अंग उतरलेलं, पाय फाकलेले. नाकेदाराने हुंगलं. काही नाही. पुन्हा हुंगलं. अगदी काही नाही. पण ती चाल! ती चाल बघून नाकेदाराला बाप आठवला.

"रेघेवर चाल," तो म्हणाला.

लंबू दुसऱ्याच पावलाला रेघेबाहेर गेला आणि घड्याळावर आपटला. मागची रांग खो खो हसली.

"काय घेतलंयस?"

"का...काय नाय. ता...ताप होता," लंबू म्हणाला. एकेक शब्द तोंडातून ढकलून बाहेर काढत होता.

"वास येत नाही म्हणजे गोळ्या खातोस. नशेच्या. मला शिकवू नकोस. घरी जा."

लंबू पुन्हा आला, पुन्हा परत गेला. तिसऱ्यांदा मॅनेजरने नाकेदाराला बोलावून विचारलं, "पितो का रे तो?" नाकेदार म्हणाला, "साहेब, माझी रेघ खोटं बोलत नाही." त्याच संध्याकाळी लंबूला काढून टाकलं. भिंतीला धरून तो फाटकाबाहेर गेला तेव्हा नाकेदाराकडे वळून काहीतरी म्हणाला, पण ते कुणालाच कळलं नाही. नाकेदार त्या दिवशी पोटभर जेवला. चारजणांचे जीव वाचवले असं त्याला वाटलं. मनापासून वाटलं, हेच तर वाईट.

मग त्याची पाळी आली. आधी डोकं दुखलं, मग संध्याकाळी अंग कसकसायला लागलं, मग ताप पायरी पायरीने चढत गेला. गल्लीतल्या डॉक्टरने तापाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी भागेना तेव्हा रक्त तपासलं. टायफॉईड. औषध सुरू झालं, आणि बऱ्याच दिवसांनी एकदाचा ताप उतरला. बायकोने सुटकेचा श्वास टाकला. शेजारीण म्हणाली, "आता नुसता अशक्तपणा. केस जरा गळतील, बस."

टायफॉईड म्हटलं की लोकांना एवढंच ठाऊक. लांबलेला ताप, मऊ भात, गळणारे केस. हा ताप आतड्याला भोक पाडतो, आतल्या आत रक्त वाहवतो, कुणाच्या हृदयावर जातो, कुणाच्या मेंदूवर, हे कुणी सांगत नाही. क्वचित होतं म्हणे. पण ज्याला होतं त्याला ते क्वचित होत नाही, अख्खंच्या अख्खं होतं.

ताप उतरल्यावर नाकेदार पहिल्यांदा धड उभा राहिला, तर जमीन नावेसारखी हलली. त्याने पाय फाकले. चहाचा कप धरायला गेला तर हात कपाच्या पलीकडे गेला आणि चहा चादरीवर. काहीतरी बोलला. लेक आधी हसली. "बाबा, असं काय बोलताय, तोंडात गोळी आहे का?" मग तिने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि तिचं हसू विरलं.

"अशक्तपणा," सगळे म्हणाले. तो थोडे दिवस थांबला. चाल सुधारेना. पण घरी बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. एके दिवशी दुपारच्या पाळीच्या आधी त्याने गणवेश चढवला, बायको नको नको म्हणत असताना भिंतीभिंतीने निघाला आणि फाटकावर पोचला.

पाळी बदलत होती. रांग लागलेली. त्याच्या स्टुलावर धाकटा पहारेकरी बसला होता. नाकेदार झोकांड्या खात आला, "उ...ऊठ," म्हणाला, आणि सगळी रांग त्याच्याकडे वळली. मग जो काही हशा पिकला! इतकी वर्षं ज्याच्यापुढे तोंडं वासली, ज्याने कुणाला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं होतं, कुणाला बाळाच्या बारशाच्या, तो नाकेदार स्वतः टुन्न होऊन आला होता! त्यांना काय, घबाडच हाती लागलं.

"रेघेवर चाला, नाकेदार!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच. "रेघ! रेघ!"

तो रेघेवर उभा राहिला. आपली रेघ आपल्याला दगा देणार नाही असं त्याला खरंच वाटलं होतं. त्याने टाच अंगठ्याला लावली आणि बाजूच्या कुंडीवर पडला. धाकट्या पहारेकऱ्याने आणि त्याच्या जोडीदाराने त्याला उचललं आणि ते सांगितलं, जे मी सुरुवातीलाच तुम्हाला सांगितलंय. त्याला हुंगायचं मात्र एकालाही सुचलं नाही. इतक्या नाकांत एकही नाक पुढे आलं नाही.

घरी आणून टाकल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडला. आपलं काय झालंय ते त्याला कळत नव्हतं, पण गल्लीतल्या दारांच्या फटी त्याने येताना बघितल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा म्हणाला होता, "अखेर बापाच्या वळणावर गेला." आणि हे सगळं डोक्यात घुमत असतानाच एक दुसरा आवाज वर आला. का...काय नाय. ता...ताप होता. लंबूचे ढकललेले शब्द. लंबूचे फाकलेले पाय. वास नाही. अगदी काही नाही.

पावलं वाजली. बायको आली होती. त्याला वाटलं पांघरूण घालेल. ती पलंगाच्या कडेवर टेकली, वाकली, आणि त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन तिने हळूच हुंगलं.

तो जागा होता. त्याने डोळे उघडले नाहीत. फाटकातला हशा त्याने सोसला होता, पण हे सोसवेना. इतक्या वर्षांत हजारो माणसांना आपण काय करत होतो ते त्याला तेव्हा, आपल्याच पलंगावर, कळलं.

बायकोने पुन्हा हुंगलं. मग ती ताड्‌कन उभी राहिली. स्वतःवर, गल्लीवर, कारखान्यावर, सगळ्या जगावर तिचा राग एकदमच उसळला. "उठा," ती म्हणाली. "उठा म्हणते ना! तुम्ही प्यायला नाहीत. काही प्यायला नाहीत. मग हे काय आहे ते मला आत्ताच्या आत्ता कुणीतरी सांगायला पाहिजे!"

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आता तुमचं बोट माझ्या बोटाला लावा, आणि मग स्वतःच्या नाकाला."

नाकेदाराचं बोट हेलकावे खात निघालं आणि गालावर टेकलं. पुन्हा निघालं, ते डोळ्यात जाता जाता राहिलं. ज्या नाकावर तो उभं आयुष्य जगला, ते त्याला स्वतःला सापडेना. बायकोने तोंडाला पदर लावला.

"सरळ रेषेत चालून दाखवा," बाई म्हणाल्या.

"न...नको," नाकेदार म्हणाला आणि रडायला लागला.

बाईंनी त्याला बसवलं, आणखी तपासण्या केल्या आणि मग समजावून सांगितलं. डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूचा एक लहान भाग आहे, तो तोल सांभाळतो, हातापायांची आणि जिभेची चाल सांभाळतो. टायफॉईडने त्यालाच धक्का दिला होता. फार थोड्यांना होतं. बहुतेकांचं हळूहळू भरून येतं, पण वेळ द्यावा लागतो.

"प्या...प्यायल्यासारखं दिसतं?" त्याने विचारलं.

"हुबेहूब. दारू त्याच भागावर जाते ना." बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही पाणी कुठलं पिता? कामावर आणखी कुणी आजारी होतं का?"

नाकेदाराने मान हलवली. "मा...माझ्याआधी एक होता. मी त्याला हा...हाकलला."

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको मॅनेजरसमोर उभे राहिले. बसा कुणी म्हटलं नाही. मॅनेजरने ऐकून घेतलं, खिडकी लावली आणि आवाज गोड केला. "टायफॉईड-बियफॉईडचं नाव काढू नकोस. ताप आला म्हटलं की कुठून आला, पाण्यातून आला, मग तपासणीवाले येणार, भट्टी बंद पडणार. सगळ्यांच्या पोटावर पाय येईल. त्यापेक्षा चारचौघांत म्हण, मधे सवय लागली होती, आता सोडली. पुन्हा स्टुलावर बसवतो. मी शब्द देतो."

"आणि आजारीच आहे म्हटलं तर?" बायकोने विचारलं.

"आजारी माणूस पहारा कसा देणार?"

बघा कशी गोष्ट आहे. दारुड्याला नोकरी होती, आजाऱ्याला नव्हती. ज्याने पाणी नासवलं त्याला माफी मागायची गरज नव्हती. जो ते प्यायला त्याने मागायची.

"आणि लं...लंबू?" नाकेदाराने विचारलं.

"तो बेवडाच होता."

"कु...कुणी सांगितलं?"

मॅनेजर हसला. "कुणी म्हणजे? तूच."

नाकेदार बायकोला धरून त्याच पावली लंबूकडे गेला. एका गोदामामागे लंबूची खोली होती. दार लंबूनेच उघडलं. तो आता बऱ्यापैकी सरळ उभा राहत होता, गोदामात खोकी मोजायला जात होता. नाकेदार दारात हेलकावत सांगायला लागला. उद्या दुपारच्या पाळीला फाटकावर सगळ्यांसमोर उभा राहणार, तेही. शब्द अडकत होते. लंबूने सगळं ऐकलं. त्याचे पाय बघितले, जीभ बघितली. त्याला सगळं कळलं, पहिल्या शब्दातच कळलं. मग त्याने दार लावून घेतलं. त्याचा अधिकारच होता तो.

दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी बदलताना नाकेदार फाटकावर आला. गणवेश घातला नव्हता. बायकोने एका बाजूने धरलं होतं. तो पिवळ्या रेघेवर जाऊन उभा राहिला आणि त्याने बायकोचा हात सोडला. पाय फाकले, डुलला, पण उभा राहिला.

"चढलीय अजून!" कुणीतरी म्हणालं.

"हुं...हुंगा," नाकेदार म्हणाला आणि त्याने तोंड उघडलं.

कुणी हललं नाही. तेव्हा बायको कडाडली, "आता का नाकं दुखतात? इतकी वर्षं तुम्ही यांच्यासमोर तोंडं उघडलीत ना? आज यांनी उघडलंय. हुंगा! आणि मग काय हसायचंय ते हसा."

पुढचा कामगार लाजत आला, त्याने हुंगलं आणि तो मागे झाला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग दुसरा आला. मग त्याला उचलून नेणारा धाकटा पहारेकरी आला, त्याने हुंगलं आणि मान खाली घातली. बायको प्रत्येकाला सांगत होती, टायफॉईड, मेंदू, तोल, नळाचं पाणी. ज्यांना ताप येऊन गेला होता ते एकमेकांकडे बघायला लागले. फाटकावरच्या नळावर भरलेल्या पाण्याच्या बाटल्या खाली ठेवल्या गेल्या. भोंगा झाला. आत कुणी गेलं नाही.

मॅनेजर जिना उतरून आला. "काय तमाशा लावलाय? भट्टी थंड होईल!"

"रांगेत या, साहेब," बायको रांगेच्या शेवटाकडे बोट दाखवत म्हणाली. "तुमच्या आधी हा आहे."

रांगेच्या शेवटी, सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसणारं एक डोकं होतं. लंबू पुढे आला. माणसं आपोआप बाजूला झाली. तो नाकेदारासमोर वाकला, अगदी नाकेदार मिटायचा तसे त्याने डोळे मिटले, आणि सावकाश, घाई न करता, हुंगलं.

"साफ," लंबू म्हणाला. जा म्हणाला नाही. तिथेच उभा राहिला आणि त्याने आपलं तोंड उघडलं. "आता माझं हुंग. सगळ्यांच्या देखत. आणि काय ते मोठ्याने सांग."

नाकेदार पुढे झुकला. तोल गेला तसा लंबूने त्याचा खांदा धरला. नाकेदाराने हुंगलं. मग मॅनेजरकडे तोंड करून त्याने तो शब्द उच्चारला. जीभ अडली, शब्द मधेच तुटला, म्हणून त्याने तो पुन्हा म्हटला, आणि पुन्हा, फाटकातल्या शेवटच्या माणसाला नीट ऐकू जाईपर्यंत.

"सा...साफ. हा माणूस साफ होता."